शेवटी बोलण्याचा मान

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : करुणा हेनिंग लोरेन्झ, माहेरचे नाव करुणा रामचंद्र ओव्हाळ, वय ७२, निवृत्त परिचारिका, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.

हे मृत्युपत्र मी माझ्या अकलेने, माझ्या हाताने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. आज माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. नऊ वर्षांपूर्वी होता, त्याचा उल्लेख पुढे योग्य जागी येईल. पुढच्या महिन्यात पुण्याला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. हेच वाक्य मी सगळी नोकरी पेशंटच्या नातेवाइकांना सांगत आले, त्यामुळे त्यात किती दम असतो ते मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद आधी करून ठेवते. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे एखादे निघालेच, तर ते माझे नव्हे असे समजावे.

मी जर्मनीत अर्धे आयुष्य काढले तरी भारताचा पासपोर्ट सोडला नाही. खाली लिहिलेली मिळकत माझ्या एकटीच्या हक्काची आहे. मला मूलबाळ नाही. माझे पती कालकथित हेनिंग लोरेन्झ हे तीन वर्षांपूर्वी याच गावात वारले.

कलम १. पतीविषयी

वकील सुवर्णाताई म्हणाल्या, मृत्युपत्रात नवऱ्याचे चरित्र लिहायची गरज नसते. त्या दौंडला वकिली करतात आणि चांगली करतात. पण माझे पुढचे एकही कलम या माणसाला वगळून कळणार नाही, म्हणून लिहिते.

हेनिंग जर्मनीत न्यायाधीश होते. त्यांचा जन्म महायुद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यातला. वडील रेल्वेत कारकून. माझे वडील दौंडच्या रेल्वेत. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना इकडे आणले, तेव्हा दौंड स्टेशनावर बाबा घ्यायला आले होते. या दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तरी दोघे यार्डाकडे तोंड करून इंजिने बघत उभे राहिले आणि मी सामान घेऊन बाजूला. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "मानूस बरा हाय. गाडीची घाई न्हाई त्याला."

तिकडे कायद्याच्या दोन मोठ्या परीक्षा पास झाल्या की माणूस वकिली न करता थेट न्यायाधीश होऊ शकतो. हे शिरूरच्या वकिलांना कधीच पटले नाही. हेनिंग तिशीत न्यायाधीश झाले. आधी भाडेकरूंचे खटले, मग अपघातांचे, आणि शेवटची कितीतरी वर्षे फौजदारी न्यायपीठाचे अध्यक्ष. मी तिकडे दवाखान्यात परिचारिका होते, त्यांना भेटले ती वॉर्डात. त्यांचे अपेंडिक्स काढले होते आणि दुसऱ्याच दिवशी ते पलंगावर फायली वाचत होते. मी फायली काढून घेतल्या. ते म्हणाले, यावर अपील कुठे करायचे. मी म्हटले, अपील माझ्याकडेच. पुढे लग्न झाले ते याच बोलण्यातून.

त्यांच्या कोर्टातली एक पद्धत इथे लिहिणे भाग आहे, कारण सगळे तिच्यावर उभे आहे. सुनावणी संपली की न्यायाधीश बंद खोलीत बसतात आणि मते देतात. तिथे सगळ्यात धाकट्याने आधी मत द्यायचे. मग त्याच्याहून मोठ्याने. अध्यक्षाने सगळ्यात शेवटी. मोठा आधी बोलला की धाकटा मान डोलावतो, आणि मग ते मत एकाचेच राहते. शेवटी बोलणे हा तिथे मान आहे, कारण सगळ्यांचे ऐकूनच तोंड उघडायचे असते. आणि कोणी काय मत दिले हे मरेपर्यंत बाहेर सांगायचे नाही, बायकोलासुद्धा नाही.

आणखी एक. ज्याच्याकडे निकाल लिहायचे काम असेल, त्याचे मत हरले तरी निकाल त्यालाच लिहावा लागतो, आणि शेवटी त्याचीही सही लागते. हेनिंग तरुण असताना असे झाले असणार. त्यांनी मला कधी सांगितले नाही. पण काही दिवस ते स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवायचे आणि मग टेबलाशी बसून रात्र पडेपर्यंत लिहायचे, तेव्हा मी ओळखायचे. कोर्टाचे गुपित त्यांच्या तोंडाने सांभाळले, ताटाने सांभाळले नाही. एकदा मी विचारलेच, जे पटत नाही त्यावर सही कशी करता. ते म्हणाले, "सही म्हणजे मला पटले असे नाही. सही म्हणजे मी तिथे होतो, माझे ऐकले गेले, आणि निकाल झाला."

कलम २. घर

हेनिंग निवृत्त झाल्यावर आम्ही कायमचे इकडे आलो. वडगाव रासाई येथील आमचे राहते घर, अंगण, मागची पेरूची झाडे व पाण्याची टाकी यांसह, मी माझा भाचा जयसिंग मच्छिंद्र ओव्हाळ यास देते.

पुढे जमिनीत त्याला वाटा नाही, त्याबद्दल त्याचे तोंड बंद ठेवावे म्हणून देत नाही. हेनिंगना शेवटच्या वर्षी उठता येत नव्हते तेव्हा रोज सकाळी येऊन त्यांना आंघोळ घालणारा हाच. बापाने या घराची पायरी चढू नको म्हणून बजावले होते. हा पायरी न चढता मागच्या दाराने यायचा आणि बापाला विचारले तर सांगायचा, "पायरी चढलोच न्हाई." हेनिंगना हे कळल्यावर ते म्हणाले, पोरगा वकील व्हायला हवा होता. तो शिक्रापूरच्या रस्त्यावर टायरचे दुकान चालवतो आणि त्यातच खूश आहे.

घराला रंग द्यायचा तर द्यावा. पण पुढच्या ओट्याला कठडा बांधू नये. ओट्यावर लोकांनी येऊन बसावे म्हणूनच तो उघडा ठेवलेला आहे.

कलम ३. जजसाहेबांच्या वस्तू

(अ) त्यांचा काळा झगा. मखमली पट्टीचा हा झगा मी माझ्या मागे गावच्या शाळेला देत आहे, आणि शाळेने तो आत्ताच गॅदरिंगला नेऊन आणलेला आहे. नाटकात आरोपीलाच तो घातला होता, कारण त्याला तो बरोबर बसत होता. हेनिंग असते तर पोट धरून हसले असते. शाळेने तो कपाटात बंद करून ठेवू नये.

(आ) त्यांची सायकल तानुबाईंना. त्या माझ्याकडे स्वयंपाकाला येतात आणि सायकल मागायला लाजतात. माझी बँकेतली शिल्लक, दवाखान्याचा व अंत्यविधीचा खर्च वजा जाता, तीही तानुबाईंनाच द्यावी. ती त्यांनी मुलाच्या हातात देऊ नये. ही अट नाही, सल्ला आहे.

(इ) ओट्यावरची वेताची खुर्ची. या खुर्चीबद्दल गावात गैरसमज आहे. लोक म्हणतात, जजआबा इथे बसून निवाडे करायचे. त्यांनी एकही निवाडा केला नाही. बांधाची भांडणे, पाण्याच्या पाळ्या, सुनेचे दागिने, सगळे त्यांच्याकडे यायचे. ते कॉफी करायचे आणि त्यांच्या मराठीत म्हणायचे, "मी ऐकतो. मी सांगत नाही. पहिला लहान बोलेल." एकदा दोन भाऊ विहिरीवरून आले. थोरला म्हणाला, "जजआबा, म्या थोरला हाय, आदी मी सांगतो." हेनिंग म्हणाले, "थोरला आहे, म्हणून शेवटी." धाकटा इतका गडबडला की त्याला काय मागायचे तेच आठवेना. मग तो रडायला लागला, आणि थोरल्याने त्याला कॉफी पाजली. त्या दोघांचे पुढे मिटले की नाही ते मला माहीत नाही, पण विहिरीवर मोटार एकच आहे.

ही खुर्ची कोणालाही देत नाही. ती ओट्यावरच राहावी आणि मोडली की टाकून द्यावी.

कलम ४. शेतजमीन

आता मुख्य कलम. सुवर्णाताईंनी ते आधी घ्या म्हणून सांगितले होते. मी म्हटले, शेवटी येईल.

भीमेच्या काठची दोन एकर बागायत माझ्या वडिलांनी रेल्वेच्या पगारातून घेतली. ते मृत्युपत्र न करता गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. त्यामुळे कायद्याने अर्धी माझे थोरले बंधू मच्छिंद्र रामचंद्र ओव्हाळ यांची आणि अर्धी माझी. दोन्ही वाटे आजवर दादाच कसतो. कांदा काढतो, दसऱ्याला झेंडू काढतो, आणि माझ्या वाट्याच्या बांधावरसुद्धा तण दिसत नाही. हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

बाबा गेल्यानंतर वर्षाने दादाने आम्हा सगळ्यांना घरी बोलावले. हक्कसोडपत्र टाइप करून आणले होते. आमच्याकडे बहीण वडिलांच्या जमिनीवरचा हक्क भावाला सोडून देते आणि भाऊ तिला साडी नेसवतो, मग तिचे माहेर शाबूत राहते. सोजरवहिनीने साडी आणून ठेवली होती. शिरूरहून पेढे आणले होते. कोणी वाईट हेतूने काही केले नव्हते. असेच चालत आले होते, आणि माझ्या चुलत बहिणींपैकी सही केली नाही अशी एकही नाही.

दादाने हेनिंगना वरची जागा दिली आणि म्हणाला, "दाजी, तुमी जज हाय. तुमीच सांगा काय ते." दादाची खात्री होती की जावई शहाणा आहे, तो सासरच्या जमिनीत हात घालणार नाही. हेनिंग म्हणाले, "माझी बायको यात आहे. म्हणून मी या केसमध्ये बसत नाही." आणि ते खरोखरच उठून दारातल्या बाकावर जाऊन बसले. जाताना एवढेच म्हणाले, "तुम्ही बोला. पहिली दीक्षा."

दीक्षा म्हणजे दादाची मुलगी, तेव्हा अकरावीत. ती पाणी द्यायला आत-बाहेर करत होती. हातातला तांब्या तसाच धरून ती म्हणाली, "आत्यानं सही करू नये. आज आत्याला साडी दिली, उद्या मला बी साडी द्याल. मला साडी नको."

मग जयसिंगची पाळी. तो म्हणाला, "आप्पा म्हनतील ते." वहिनी म्हणाली, "माझं काय इचारता, मला कुठं कवा इचारलंय." हे ती चिडून म्हणाली नाही, आणि म्हणूनच मला ते अजून ऐकू येते. मग मी म्हटले, "दादा, मी सही करणार नाही. जमीन तूच कस. पण नाव माझे राहू दे." साडी मी घेतली नाही. रंग मात्र चांगला होता.

शेवटी दादाची पाळी होती. दादाने मत दिले नाही. उठला, दारात हेनिंगपाशी थांबला आणि म्हणाला, "दाजी, माझ्या पोरीला तुमी पढवलं." आणि शेतात निघून गेला.

त्यानंतर दादा माझ्याशी बोललेला नाही. मी हेनिंगना कितीदा म्हटले, त्याला सांगा, तुम्ही पढवले नाही. मला माहीत आहे की नव्हते पढवले, त्या दिवसापर्यंत त्यांचे आणि दीक्षाचे बोलणे फुटबॉलच्या पुढे गेले नव्हते. पण ते ऐकेनात. म्हणाले, "ते मत तिचे आहे. मी माझे नाही असे सांगायला गेलो, तर तिच्या मताला पुरावा मागितल्यासारखे होते. एक मुलगी बोलली, एवढे पुरे आहे." मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. एका वाक्याने माझा भाऊ परत मिळाला असता आणि या माणसाला ते वाक्य जड झाले. आता राग नाही. त्यांच्या अंत्यविधीला दादा आला, त्रिशरण-पंचशील होईपर्यंत लांब कडुनिंबाखाली उभा राहिला, आणि लाकडे कमी पडली तेव्हा स्वतःच्या बैलगाडीतून घेऊन आला.

तर, भीमाकाठच्या जमिनीतील माझा अर्धा हिस्सा, विहिरीतील हक्कासह, मी माझी भाची दीक्षा मच्छिंद्र ओव्हाळ हिला देते. ती शिक्रापूरला खोली घेऊन राहते आणि कारखान्यात माल तपासायच्या कामाला आहे. तिने जमीन विकू नये असे मी लिहीत नाही. देऊन वर दोरी हातात ठेवायची, तर मग साडीच काय वाईट होती. दादा आहे तोवर कसणे दादाकडे राहू द्यावे, ही तिला माझी विनंती आहे. विनंतीच आहे, हक्क नाही. सातबाऱ्यावर नाव तिचेच लागावे.

माझे बंधू मच्छिंद्र यांस मी काहीही देत नाही.

कलम ५. साक्षीदार

वरच्या वाक्याचे कारण या कलमात आहे.

हेनिंगच्या देशात माणसाने मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिले आणि सही केली की झाले, साक्षीदार लागत नाहीत. इथे दोन लागतात. त्यांच्यासमोर मी सही करायची आणि माझ्यासमोर त्यांनी. सुवर्णाताई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नका, उद्या शंका काढतात. म्हणून दादाला काही नाही. मला दादा साक्षीदार म्हणून हवा आहे.

पहिली सही आमचा शेजारी आयुष करील, तो फुलांचा टेम्पो चालवतो. दुसरी जागा दादाची. या जागेवर मी दुसऱ्या कोणाचीही सही घेणार नाही. सुवर्णाताईंनी त्यांचा कारकून तयार ठेवला आहे, त्याला चहा पाजून परत पाठवावे.

याचा अर्थ काय होतो हे मला समजते, आणि दादालाही समजावे म्हणून हा कागद मी त्याच्याकडे जयसिंगच्या हाती वाचायला पाठवत आहे. दुसरी सही झाली नाही तर हे मृत्युपत्र कच्चे राहते. मला मूल नाही. वडिलांकडून आलेली माझी जमीन अशा वेळी कायद्याने वडिलांच्या वारसाकडे, म्हणजे दादाकडेच जाते. त्याला काही करावे लागत नाही. नुसते घरी बसून राहायचे आहे. सुवर्णाताई म्हणाल्या, "ताई, ज्याला गप्प बसून जमीन मिळते, त्याच्याच हातात तुम्ही पेन देताय." मी म्हटले, होय.

हेनिंगना हे पटले नसते. ज्याचा स्वार्थ गुंतलाय त्याने न्यायाला बसू नये, यावर त्यांनी जन्म काढला. पण हेनिंगना भाऊ नव्हता. मला आहे. दीक्षा बोलली, जयसिंग बोलला, वहिनी बोलली, मी बोलले. नऊ वर्षे झाली, ती बैठक संपलेली नाही, कारण शेवटच्या माणसाने मत दिलेले नाही. थोरलेपणाचा मान त्याला हवा होता ना, तो हाच. दीक्षाला जमीन कोर्टाकडून मिळायला नको, तिच्या बापाच्या देखत मिळायला हवी. तो आला नाही तर जमीन त्याची, आणि त्याबद्दल मी त्याला बोल लावणार नाही. पण मी दुसरा मार्ग काढणार नाही. ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आदल्या दिवसापर्यंत वाट बघेन.

कलम ६. माझ्या मागे

माझे दहन भीमेच्या काठी, हेनिंगचे झाले त्याच जागी करावे. पांढऱ्या साडीत न्यावे. पुण्यानुमोदनाला भाषणे ठेवू नयेत. ठेवलीच तर आधी सगळ्यात धाकट्याला बोलायला द्यावे, मग बाकीचे आपोआप आवरते घेतात.

वहिनीसाठी एक सांगणे. मी नवऱ्याला नावाने हाक मारायचे म्हणून तू पदर तोंडाला लावून हसायचीस. एकदा तूही हाक मारून बघ. दादा काही पडणार नाही.

वर लिहिलेले मी वाचून, समजून, जागेपणी लिहिले आहे, आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

ठिकाण : वडगाव रासाई, ओट्यावर.
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५.

सही : करुणा हेनिंग लोरेन्झ

साक्षीदार. करुणाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली :

१. आयुष भीमराव साळवे, वय २७, रा. वडगाव रासाई.
सही : आयुष साळवे

२. मच्छिंद्र रामचंद्र ओव्हाळ, वय ७५, रा. वडगाव रासाई.
सही : मच्छिंद्र ओव्हाळ
मला हे पटलेलं न्हाई. माझं मत येगळं हाय. सगळ्यांचं ऐकून सही केली.
पोरगी तवा तिच्याच मनानं बोलली व्हती, हे मला त्याच दिशी कळलं व्हतं.